डॉक्टरकी सोडलेला पाळक: मार्टिन लॉइड-जोन्स

ख्रिस्ती लेखनात रस असेल तर वेल्सच्या मार्टिन लॉइड-जोन्स (1899–1981) यांना वाचाच. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात लॉर्ड हॉर्डर या नामांकित वैद्याच्या हाताखाली तयार झालेला हा माणूस 1927 मध्ये डॉक्टरकी सोडून वेल्समधल्या ॲबरॅव्हनच्या कामगारवस्तीत पाळक झाला. लोक मात्र शेवटपर्यंत ‘डॉक्टर’च म्हणत!

त्यांचं ‘स्पिरिच्युअल डिप्रेशन’ (1965) माझं सर्वांत आवडतं. मुळात ही लंडनच्या वेस्टमिन्स्टर चॅपलमधली प्रवचनं. सुरुवात 42व्या स्तोत्रापासून होते. तिथला खचलेला भक्त स्वतःच्या जिवालाच जाब विचारतो. लॉइड-जोन्स म्हणतात, आपण दिवसभर मनाचं रडगाणं ऐकत बसतो, त्यापेक्षा मनाला चार गोष्टी सुनवाव्यात. कोरडा उपदेश नाही, आधी निदान. थकवा, आजारपण, मूळचा स्वभाव यांचाही ते विचार करतात, प्रत्येक उदासीला पाप ठरवत नाहीत. हे मला फार मोलाचं वाटतं.

चिकाटी तर विचारू नका. रोमकरांस पत्रावर 1955 पासून दर शुक्रवारी बोलत होते. 1968 मध्ये आजारपणामुळे थांबले, तेव्हा चौदाव्या अध्यायात होते. त्या प्रवचनांचे खंड जाडजूड आहेत, त्यामुळे नवख्यांनी तिथून सुरुवात करू नये. आधी डोंगरावरील प्रवचनावरचं पुस्तक घ्या.