पीसीओएसच्या गोळ्या : फायदा किती, त्रास किती, आणि ठरवायचं कसं?



वस्तीतल्या आरोग्य बैठकीत पाळीचा विषय निघाला की बायका पिशवीतून गोळ्यांच्या पट्ट्या काढून आमच्यापुढे ठेवतात. एक म्हणते, "डॉक्टरांनी दिल्या, पण कशाच्या ते सांगितलं नाही." दुसरी म्हणते, "महिनाभर घेतल्या, मळमळायला लागलं, सोडून दिल्या." तिसरी विचारते, "शेजारणीला लागू पडल्या, मीही त्याच घेऊ का?" या तिघींनाही उपयोगी पडावं म्हणून या वेळी पीसीओएसच्या औषधांची माहिती देत आहोत.

आजार नेमका काय?

साधारण दहा बायकांत एकीला पीसीओएस असतो. यात दर महिन्याला बीज पिकून बाहेर पडत नाही, म्हणून पाळी लांबते. अंगात पुरुषी हार्मोन वाढतात, त्यामुळे हनुवटीवर, ओठांवर राठ केस येतात, मुरमं येतात, डोक्यावरचे केस विरळ होतात. पुष्कळ जणींच्या शरीरात इन्सुलिन नीट काम करत नाही, त्यामुळे पुढे शुगरचा धोका वाढतो. सोनोग्राफीत दिसतात त्या 'गाठी' म्हणजे अर्धवट वाढून थांबलेली बीजं. त्या कॅन्सरच्या गाठी नव्हेत. त्यांना बघून घाबरू नका, त्या कापून काढायच्याही नसतात.

पाळी नुकती सुरू झालेल्या मुलीची पाळी पहिली एक-दोन वर्षं मागेपुढे होतेच. तेवढ्यावरून तिच्यावर या आजाराचा शिक्का मारू नये. कुठलीही गोळी सुरू करण्याआधी थायरॉईडची तपासणी आणि गरोदरपणाची चाचणी झाली आहे ना, हे बघा.

औषध घ्यायचंच कशाला?

हा आजार एका कोर्समध्ये कायमचा जात नाही, पण आटोक्यात राहतो. म्हणून पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा : मला आत्ता काय हवं आहे? पाळी नियमित हवी, केस कमी व्हायला हवेत, शुगर सांभाळायची आहे, की मूल हवं आहे? उत्तर बदललं की औषध बदलतं. त्यामुळे शेजारणीची पट्टी आपल्याला चालेलच असं नाही.

"पाळी येत नाही, बरंच आहे, कटकट नाही," असंही काही जणी म्हणतात. पण गोळ्या चालू नसताना महिनोन्‌महिने पाळी आली नाही तर गर्भाशयाचं आतलं अस्तर साचत, जाड होत जातं. वर्षानुवर्षं असं राहिलं तर त्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका वाढतो. हा कॅन्सर सरसकट होत नाही, तरी तीन महिन्यांहून जास्त काळ पाळी चुकली तर दवाखाना गाठायचाच.

१. पाळी नियमित करणाऱ्या हार्मोनच्या गोळ्या

याच गर्भनिरोधक गोळ्या. सरकारी केंद्रात मोफत मिळणारी माला-एन याच प्रकारची. तिच्या पाकिटात २८ गोळ्या असतात : २१ हार्मोनच्या, ७ लोहाच्या. लग्न न झालेल्या मुलीला डॉक्टरांनी ही गोळी दिली तर घरच्यांनी संशय घेऊ नये. इथे ती औषध म्हणून दिलेली असते.

फायदा : पाळी वेळेवर येते, अस्तर साचत नाही, मुरमं आणि केस कमी होतात. केसांवरचा परिणाम दिसायला मात्र सहा महिने तरी लागतात.

त्रास : सुरुवातीला मळमळ, डोकेदुखी, छाती दुखणं, मध्येच डाग पडणं. बहुतेकींचा हा त्रास तीन महिन्यांत कमी होतो. गोळी रात्री जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते. या गोळ्यांनी पुढे मूल होत नाही, ही समजूत चुकीची आहे.

मोठा धोका पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा. तो किती? युरोपच्या औषध नियामक संस्थेच्या अंदाजानुसार गोळी न घेणाऱ्या दहा हजार बायकांत वर्षाला २ जणींना गुठळी होते. माला-एनमध्ये असलेल्या लेव्होनॉरजेस्ट्रेल हार्मोनची गोळी घेणाऱ्या दहा हजारांत ५ ते ७ जणींना, आणि ड्रॉस्पिरेनोनसारख्या नव्या हार्मोनच्या गोळ्यांत ९ ते १२ जणींना. म्हणजे धोका वाढतो, पण बहुतेकींसाठी तो कमीच असतो. महागडी गोळी जास्त सुरक्षित, असंही नाही.

मात्र काही जणींसाठी हा धोका खरोखर मोठा आहे. बीपी जास्त असेल, आधी गुठळी झाली असेल, डोळ्यांपुढे लकाकी येऊन अर्धशिशी होत असेल, स्तनाचा कॅन्सर झाला असेल, यकृताचा गंभीर आजार असेल, वय ३५ च्या वर असून बिडी-सिगारेट ओढत असाल, नुकतं बाळंतपण झालं असेल किंवा सहा महिन्यांच्या आतलं बाळ अंगावर पीत असेल, तर ही गोळी घेऊ नये. बीपी मोजल्याशिवाय ती सुरूच करू नका. टीबीच्या रिफाम्पिसिन औषधाने या गोळीचा असर कमी होतो, म्हणून टीबीचे उपचार चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा.

आणखी एक लक्षात ठेवा. आशाताईंकडे 'छाया' नावाचीही गोळी असते. ती वेगळी आहे. पीसीओएस असलेल्या बाईने छाया घेऊ नये. 'सरकारी गोळी' एवढं बघून पट्टी उचलू नका, नाव वाचा, नाहीतर वाचून घ्या.

२. फक्त पाळी आणणारी गोळी

ज्यांना वरची गोळी चालत नाही, त्यांना एक ते तीन महिन्यांतून एकदा प्रोजेस्टेरॉन प्रकारच्या गोळ्या, साधारण दहा दिवस, देतात. त्या संपल्यावर काही दिवसांत पाळी येते आणि अस्तर बाहेर पडतं. झोप येणं, चिडचिड, अंग जड वाटणं असा त्रास होऊ शकतो. अशा घेतलेल्या गोळ्यांनी केस कमी होत नाहीत आणि दिवस राहणंही टळत नाही.

३. मेटफॉर्मिन

"मला शुगर नाही, मग शुगरची गोळी का?" हा प्रश्न नेहमी येतो. ही गोळी इन्सुलिनचं काम सुधारते. वजन जास्त असेल किंवा शुगर वाढायला लागली असेल तर तिचा फायदा जास्त. काही जणींची पाळीही सुधारते. केसांवर मात्र तिचा फारसा भरवसा धरू नका.

त्रास पोटाचा : मळमळ, जुलाब, तोंडाला धातूसारखी चव. यामुळेच पुष्कळ जणी ती सोडतात. यावर उपाय आहे. ५०० मिलिग्रॅमपासून, जेवणासोबत सुरू करायची आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने आठवड्या-दोन आठवड्यांनी हळूहळू वाढवायची. सावकाश विरघळणारी गोळीही मिळते. वर्षानुवर्षं घेतल्यास बी-१२ कमी होऊ शकतं. हातापायांना मुंग्या आल्या तर तपासून घ्या. किडनीचा किंवा यकृताचा मोठा आजार असेल, दारू जास्त होत असेल, तर ही गोळी धोक्याची. जोरात उलट्या-जुलाब लागले असतील तर ती काही दिवस थांबवायची का, हे लगेच विचारा.

मेटफॉर्मिनने बीज पुन्हा सुटू लागतं. मूल नको असेल तर "मला तर पाळीच येत नाही" या भरवशावर राहू नका.

४. केसांसाठी आणि मुलासाठी

स्पायरोनोलॅक्टोनने राठ केस कमी होतात, पण पोटातल्या बाळाला अपाय होऊ शकतो. म्हणून ती घेताना गर्भनिरोधक वापरावंच लागतं.

मूल हवं असेल तर लेट्रोझोल बहुतेकदा पहिलं औषध असतं. ते पाळीच्या सुरुवातीला पाच दिवस देतात. अंगातून वाफा येणं, डोकं दुखणं, थकवा असा त्रास होतो, क्वचित जुळं राहतं. पण बाईला गोळ्या सुरू करण्याआधी नवऱ्याची वीर्यतपासणी करा. तिच्या एकटीच्या अंगावर वर्षभर औषधं मारायची आणि दोष नंतर नवऱ्यात निघायचा, असं होता कामा नये.

औषधाबरोबर चालणं-व्यायाम आणि जेवणात भाजी, डाळ, उसळ, अंडी हवीतच. वजन जास्त असेल तर पाच टक्के कमी झालं तरी पाळीत फरक पडू शकतो. ७० किलोच्या बाईने साडेतीन किलो, एवढंच.

डॉक्टरांना हे विचाराच

- ही गोळी माझ्या कोणत्या त्रासासाठी आहे?
- फरक किती महिन्यांनी दिसेल?
- कोणता त्रास सोसून बघायचा आणि कोणता झाला तर लगेच यायचं?
- माझं बीपी, शुगर बघितलं का?
- हीच गोळी सरकारी दवाखान्यात किंवा जन औषधी केंद्रात मिळेल का?

पाळीच्या तारखा कॅलेंडरवर लिहा आणि गोळ्यांची रिकामी पट्टीही सोबत न्या. त्रास झाला तर गप्प बसून गोळी सोडू नका. मात्रा कमी करता येते, गोळी बदलता येते. तीन महिन्यांनी दोन्ही बाजू मांडून बघा : फरक किती पडला, त्रास किती झाला. पुढचा निर्णय तुमच्या अंगावर काय बेतलंय ते बघून घ्यायचा, सासू किंवा मेडिकलवाला काय म्हणतो यावर नाही.

पण हार्मोनची गोळी चालू असताना एकाच पायाला सूज येऊन पोटरी दुखली, छातीत दुखलं, दम लागला, अचानक भयंकर डोकं दुखलं, दिसेनासं झालं किंवा बोलताना जीभ अडखळली, तर सकाळची वाट बघू नका. गोळी थांबवा, पट्टी सोबत घ्या आणि १०८ ला फोन करून थेट मोठ्या दवाखान्यात जा.