मावशी जगो, पण कशावर?

आजचा विषय तत्त्वज्ञानाचा की सरकारी खात्याचा, असं संयोजकांनी आम्हाला आधीच विचारून घेतलं होतं. आम्ही म्हटलं, दोन्हींचा. आई-वडील नसलेल्या, किंवा असून नसल्यासारखे असलेल्या मुलाला आजी, मामा, काका, मावशी नाहीतर थोरली बहीण सांभाळते, तेव्हा सरकारने त्या घराला पैसे द्यावेत का? आणि द्यावेत तर कोणत्या नात्याने? खात्याच्या दृष्टीने हा अर्जाचा आणि तरतुदीचा प्रश्न आहे. आमच्या दृष्टीने तो कर्तव्याचा प्रश्न आहे. एकाने आपलं कर्तव्य केलं, म्हणून बाकीच्यांचं संपतं का?

एका अनुभवापासून सुरुवात करतो. आमच्या घरी स्वयंपाकाला एक बाई येतात. आपल्याकडच्या रीतीप्रमाणे आम्ही त्यांना मावशी म्हणतो. पण दोन मुलांच्या त्या खरोखरच्या मावशी आहेत. त्यांची धाकटी बहीण आजारपणात गेली. बहिणीचा नवरा त्याआधीच घर सोडून गेला होता, त्याचा ठावठिकाणा नाही. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहा वर्षांचा. तेरावं झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले आणि ही दोन मुलं मावशींच्या दोन खोल्यांच्या घरात राहिली. स्वतःची दोन होतीच. कुणी बसून निर्णय घेतला, असं काही झालं नाही.

शासनाची योजना आहे हे आम्हाला माहीत होतं, म्हणून अर्ज आम्ही भरून दिला. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, शिधापत्रिका, आधार, शाळेचं बोनाफाईड, आईच्या मृत्यूचा दाखला, पासबुक, घरासमोर मुलांसह काढलेला फोटो. मग कचेरीत विचारणा झाली, वडिलांच्या मृत्यूचा दाखला कुठे आहे? वडील वारलेले नाहीत, ते नाहीसे झालेले आहेत. त्याचा दाखला कोण देणार? प्रत्येक खेपेला मावशींचा एक खाडा. चौथ्या खेपेला आम्ही सोबत गेलो. तिथला कर्मचारी काही वाईट माणूस नव्हता. त्याने अगदी सहज विचारलं, "तुम्ही सख्ख्या मावशी ना? मग आपल्याच माणसांना सांभाळायचे पैसे कसले मागता?"

मावशी गप्प बसल्या. खरं सांगायचं तर आम्हीही गप्प बसलो. नीतिशास्त्र शिकवण्यात सारी नोकरी गेली आणि त्या टेबलासमोर उत्तर सुचलं नाही. आजचं व्याख्यान हे त्या प्रश्नाचं उशिरा सुचलेलं उत्तर आहे, असं समजा.

आधी व्यवस्था काय आहे ते थोडक्यात पाहू. महाराष्ट्रात महिला व बाल विकास विभागाची बालसंगोपन योजना आहे. अनाथ, निराधार, एक पालक असलेली, किंवा पालक गंभीर आजारी वा तुरुंगात असलेली मुलं संस्थेत न जाता कुटुंबात वाढावीत, हा तिचा हेतू. तिच्यात मुलामागे दरमहा ४२५ रुपये मिळत, म्हणजे दिवसाला साधारण चौदा रुपये. कोविडमध्ये हजारो मुलांचे पालक गेले, तेव्हा २०२१ मध्ये ही रक्कम ११०० झाली. २०२३ मध्ये ती २२५० झाली आणि योजनेला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव देण्यात आलं. आज दिवसाचे पंचाहत्तर रुपये झाले. केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाची रक्कम दरमहा ४००० आहे, पण तिला उत्पन्नाची अट आहे: ग्रामीण भागात वर्षाला ७२,००० आणि इतरत्र ९६,०००. म्हणजे शहरात घराची मिळकत महिना आठ हजारांच्या आत हवी. नवरा-बायको दोघं मोलमजुरी करत असतील तरी ते घर या अटीत बसणं कठीण.

आता त्या कर्मचाऱ्याच्या प्रश्नाकडे वळू. त्यात दोन गृहीतकं आहेत. पहिलं असं की मावशीचं हे कर्तव्यच आहे. दुसरं असं की तिचं कर्तव्य आहे, म्हणून आमचं नाही. ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिलं खरं मानलं तरी त्यातून दुसरं निघत नाही.

पहिलं गृहीतक कायद्याच्या कसोटीवर लावून बघू. हिंदू दत्तक व पोटगी कायदा १९५६ चा आहे. मुलांच्या पालनपोषणाची जबाबदारी तो आई-वडिलांवर टाकतो. मृताची मालमत्ता ज्यांच्याकडे आली, त्यांनी त्या मालमत्तेतून त्याच्या आश्रितांना पोसावं, असंही तो सांगतो. पण मावशी आहे एवढ्याच कारणाने मावशीवर तो काही लादत नाही. बहिणीच्या मागे राहिलेल्या मालमत्तेत दोन पातेली आणि एक शिलाई मशीन असेल, तर कायद्याने मावशीला कुणी हात लावू शकत नाही. तिने दार बंद केलं असतं, तर मुलं बाल कल्याण समितीपुढे गेली असती आणि तिथून कदाचित बालगृहात. मग जेवण, कपडे, इमारत, काळजीवाहकांचे पगार, सगळं सरकारी तिजोरीतून गेलं असतं, आणि "पैसे कसले?" असं कुणी विचारलं नसतं. मावशीने दार उघडलं, म्हणून प्रश्न विचारला गेला.

तुम्ही म्हणाल, कायदा सोडा, नैतिक कर्तव्य तर आहे. आहे, आम्हालाही तसंच वाटतं. इथे दुसरं गृहीतक तपासावं लागतं. रॉबर्ट गुडिन नावाचे एक तत्त्वचिंतक आहेत. १९८८ मधल्या एका निबंधात त्यांनी असा विचार मांडला की आपली जी विशेष कर्तव्यं असतात, ती मुळात सर्वांच्या सर्वांप्रति असलेल्या कर्तव्याची केलेली वाटणी असते. कुणीतरी नेमका जबाबदार असला की काम नीट होतं, म्हणून ही वाटणी. गावच्या तलावावर एकाला जीवरक्षक नेमलं, म्हणून काठावरच्या बाकीच्यांचं कर्तव्य नष्ट होत नाही. ते त्याच्यामार्फत पार पाडलं जातं. एका वेळी चौघं बुडायला लागले आणि त्याचे हात दोनच असले, तर "हे तुझं काम" म्हणून काठावर उभं राहता येत नाही. दोर तरी टाकावा लागतो. मावशी ही अशी नेमलेली व्यक्ती आहे. नेमणूक रूढीने केली, नात्याने केली, तिच्या मायेने केली, काहीही म्हणा. ती जे करते आहे त्यात आपलंही काम आहे.

भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क संहितेतही हेच आहे. तिच्या सत्ताविसाव्या कलमाचा आशय असा, की मुलाला वाढीसाठी योग्य राहणीमान मिळवून देण्यात राज्याने आई-वडिलांना आणि मुलाची जबाबदारी घेणाऱ्या इतरांना साहाय्य करावं, आणि गरज असेल तिथे अन्न, वस्त्र, निवारा यांसाठी प्रत्यक्ष मदत द्यावी. त्यातला "इतरांना" हा शब्द महत्त्वाचा.

आता एक आक्षेप घेऊ, कारण तो प्रामाणिक माणसं घेतात. पैसे आले की माया आटते. आजीच्या मांडीला दर लावायचा का? आम्ही या आक्षेपाला हलकं समजत नाही. पण त्यात मोबदला आणि आधार यांची गल्लत आहे. एव्हा किटे या अमेरिकन विदुषींनी १९९९ च्या आपल्या ग्रंथात एक तत्त्व मांडलं. बाळंतिणीची काळजी घेणाऱ्या सुईणीवरून त्यांना ते सुचलं. सुईण बाळाला सांभाळत नाही, ती आईला सांभाळते, म्हणजे आई बाळाला सांभाळू शकते. जो काळजी घेतो त्याची काळजी दुसऱ्या कुणीतरी घ्यायला हवी, हे ते तत्त्व. आपल्याला हे इंग्रजीतून शिकायची गरजच नव्हती. पहिलं बाळंतपण माहेरी का करतात? डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, सव्वा महिना विश्रांती. त्या लाडवांना आजवर कुणी आईच्या मायेची किंमत म्हटलेलं नाही. मग मावशीच्या घरातल्या दोन जादा ताटांसाठी आलेल्या पैशांना तसं का म्हणावं?

हाच वाद अमेरिकेत न्यायालयात गेला होता. इलिनॉय राज्यात आईपासून काढून घेतलेल्या मुलांपैकी दोघांना त्यांच्या थोरल्या बहिणीने घरी आणलं. परक्या घरात ठेवलेल्या मुलांसाठी जी संगोपनाची रक्कम मिळायची, ती राज्याने बहिणीला नाकारली. कारण ती नात्यातली. मिलर विरुद्ध युआकिम या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये निकाल दिला की त्या संघीय योजनेतून नात्यातल्या घरांना केवळ नात्यामुळे वगळता येणार नाही. मूल तेच, त्याच्या गरजा त्याच. उंबरठा आपल्या माणसाचा आहे, म्हणून त्याची भूक कमी होत नाही.

पण नुसतं तत्त्व मान्य होऊन भागत नाही. दक्षिण आफ्रिकेत एड्सच्या साथीने लाखो मुलं आजी-मावशांकडे आली. त्यांना मोठी रक्कम मिळायची ती न्यायालयाच्या आदेशाने, समाजसेवकाच्या चौकशीनंतर. आदेशांच्या मुदती संपत, नूतनीकरण तुंबे, आणि ज्यांनी खरोखर छळ होणाऱ्या मुलांकडे लक्ष द्यायचं ते समाजसेवक आज्यांचे कागद हलवत बसत. शेवटी २०२२ मध्ये नात्यातल्या अनाथ मुलांसाठी साध्या बाल-अनुदानावरच वाढीव रक्कम सुरू झाली. आपल्याच देशात राजस्थानात २००५ पासून पालनहार योजना आहे. नावातच सांभाळणाऱ्याचा मान आहे. तिची मुख्य अट आहे मुलाने लहानपणी अंगणवाडीत आणि पुढे शाळेत जाण्याची. आम्हाला ही अट शहाणपणाची वाटते. पैसे लाटून मुलाला कामाला जुंपणारे नातेवाईक नसतातच असं आम्ही म्हणणार नाही. पण त्यावर उपाय म्हणून मूल शाळेत दिसतंय का ते बघावं. प्रामाणिक मावशीला चार खेपा घालायला लावून ती भीती दूर होत नाही.

आणखी एक गोष्ट. जोतीराव फुले जेमतेम वर्षाचे असताना त्यांची आई गेली. त्यांना वाढवलं सगुणाबाई क्षीरसागर या त्यांच्या मावसबहिणीने. त्या बालविधवा होत्या आणि एका मिशनऱ्याकडे मुलं सांभाळण्याचं काम करून पोट भरत होत्या. म्हणजे ज्या योजनेला सावित्रीबाईंचं नाव आहे, त्यांच्या घराचा पायाच एका नातेवाईक बाईच्या संगोपनावर उभा आहे. आपण नाव दिलं ते योग्यच झालं. त्या नावाच्या अर्जाला "आपल्याच माणसांना" हा प्रश्न विचारणं मात्र शोभत नाही.

आता मूळ मुद्दा सांगून संपवतो. आम्ही इतका वेळ मावशीच्या बाजूने बोललो, पण हा पैसा खरं तर मावशीचा नाहीच. तो मुलाचा आहे. आपल्या भाषेत अशा मुलांसाठी एक शब्द आहे, आश्रित. मामाकडे राहिलेल्या मुलाला तो कुणी तोंडावर म्हणत नाही, पण दुसरी पोळी घेताना त्याला तो ऐकू येतो. आमच्या मावशींच्या अर्जावर बाल कल्याण समितीचा आदेश आला, अर्ज केल्यापासून जवळपास वर्षाने. मध्यंतरी आम्ही त्यांना विचारलं, फरक पडला का? त्या म्हणाल्या, "पैशाचं काय, दप्तर-चपलेत जातात. पण आमचे हे आता पोरीला बोलत नाहीत. तिचे तिला येतात म्हणतात." दिवसाच्या पंचाहत्तर रुपयांनी पोट भरत नाही, हे खरंच आहे आणि रक्कम वाढलीच पाहिजे. पण त्या रकमेने एक मुलगी त्या घरात उपकारावर राहत नाही, एवढं झालं. मूल आपल्या हक्काचं काहीतरी घेऊन घरात येतं, तेव्हा माया आटत नाही, उलट तिच्यावरचा ताण कमी होतो.

तेव्हा त्या टेबलासमोर आम्ही जे बोलायला हवं होतं ते असं: साहेब, मावशी आपलं कर्तव्य करते आहे, पैसे आमच्या कर्तव्याचे आहेत, आणि ते मुलीचे आहेत.

"माय मरो पण मावशी जगो" असं आपण फार सहज म्हणतो. मावशीने जगायचं कशावर, हे सांगायची जबाबदारीही म्हणणाऱ्यांची आहे. तुमच्या वाड्यात, सोसायटीत, वस्तीत असं एखादं घर असेलच. जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा पत्ता शोधून द्या. काही अडलं तर मुलांसाठीचा मदत क्रमांक १०९८ आहे, तो त्यांना लिहून द्या. अर्ज भरून द्या, आणि जमलं तर कचेरीत एकदा सोबत जा. प्रश्न विचारला गेला, तर आमच्यासारखे गप्प बसू नका.