बेरिलियमची धूळ आणि प्रथिनातली एक खोबण

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, सेलम नावाच्या जुन्या बंदराच्या गावात ट्यूबलाइट बनत असत. काचेच्या नळीला आतून जो पांढरा लेप देत, त्यात तेव्हा बेरिलियम नावाच्या धातूचे संयुग असे. या कामावरच्या काही तरुण मुली आजारी पडू लागल्या. जिना चढताना धाप लागायची, कोरडा खोकला थांबायचा नाही, वजन झपाट्याने उतरायचे. फुफ्फुसांच्या एक्स-रेमध्ये बारीक गाठी दिसायच्या. डॉक्टरांनी निदान केले सार्कॉइडोसिस. या आजाराचे कारण तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते, त्यामुळे निदान झाले तरी ‘का’ हा प्रश्न तसाच राहिला. गावात तर ‘सेलम सार्कॉइड’ असे नावच पडले.

हॅरिएट हार्डी ही डॉक्टर 1945 मध्ये राज्याच्या कामगार आरोग्य विभागात आली आणि तिने या मुलींच्या कामाची चौकशी सुरू केली. कुठल्या टेबलावर बसत होता, लेपाची भुकटी कोण मिसळायचे, फुटलेल्या नळ्या कोण उचलायचे, काम सोडून किती दिवस झाले? इर्व्हिंग टॅबरशॉ या सहकाऱ्याबरोबर 1946 मध्ये तिने 17 रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली आणि बोट थेट बेरिलियमकडे दाखवले. हे धाडसाचे होते. तीनच वर्षांपूर्वी अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने बेरिलियम स्वतः विषारी नाही, त्याच्या संयुगातला आम्लाचा भाग तेवढा घातक आहे, असा निर्वाळा दिला होता. हार्डीने आपले म्हणणे सोडले नाही. 1949 मध्ये ट्यूबलाइटच्या उद्योगाने बेरिलियम वापरणे बंद केले. 1952 मध्ये तिने या आजाराच्या रुग्णांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली, आणि पुढचे बरेचसे ज्ञान त्या नोंदींवरच उभे राहिले.

या नोंदींमधून एक विचित्र गोष्ट पुढे आली. शिसे किंवा पारा जितका जास्त अंगात जाईल तितका त्रास वाढतो. बेरिलियमचे तसे सरळ गणित नव्हते. भट्टीसमोर वर्षानुवर्षे राबलेला माणूस ठणठणीत असे, आणि नावापुरती धूळ लागलेल्याची फुफ्फुसे निकामी होत. ओहायोतल्या लोरेन गावात तर बेरिलियमच्या कारखान्याचे तोंडही न पाहिलेले लोक आजारी पडले. त्यांतले जवळजवळ सगळे कारखान्यापासून सव्वा किलोमीटरच्या आत राहणारे होते. एका रुग्णाला आजार झाला तो घरी आलेले कामाचे कपडे धुताना. काहींना तर काम सोडल्यावर वीस-तीस वर्षांनी धाप लागली.

विषाचा मामला असता तर असे झाले नसते. 1950 च्या सुमारासच काही संशोधकांनी शंका बोलून दाखवली की हा धातू फुफ्फुस थेट जाळत नाही, शरीराची प्रतिकारशक्तीच त्याच्यावर चवताळून उठते आणि त्या धुमश्चक्रीत फुफ्फुस होरपळते. 1951 मध्ये रुग्णांच्या कातडीवर बेरिलियमच्या क्षाराची पट्टी लावून पाहिली, तेव्हा तिथे गाठ उठली.

पण हवेत किती बेरिलियम चालेल, हा आकडा याआधीच ठरून गेला होता, आणि तो ठरला टॅक्सीत. अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचे मेरिल आयझेनबड आणि त्यांचे वैद्यकीय सहकारी विलार्ड माकल एका बैठकीला निघाले होते. जाता जाता त्यांनी हिशेब मांडला: जड धातूंसाठी तेव्हा प्रचलित असलेली मर्यादा घ्यावी, बेरिलियमचा अणू हलका म्हणून तिला वीसने भागावे, वर थोडी खबरदारी म्हणून आणखी कमी करावी. उत्तर आले एका घनमीटर हवेत 2 मायक्रोग्रॅम. ही हकीकत पुढे खुद्द आयझेनबड यांनीच सांगितली, आणि या मर्यादेला ‘टॅक्सीकॅब स्टँडर्ड’ हे नाव चिकटले. दोघांचा हेतू वाईट नव्हता. कामगारांना तातडीने काहीतरी संरक्षण हवे होते आणि माहिती तुटपुंजी होती. चूक पुढच्यांची आहे. हा तात्पुरता आकडा 1971 मध्ये अमेरिकेच्या कायद्यात गेला आणि जवळपास अर्धे शतक तिथेच बसून राहिला.

या अर्धशतकात प्रयोगशाळांमध्ये मात्र बरेच काही घडले. रुग्णाच्या रक्तातल्या लिम्फोसाइट पेशी काढून त्यांच्यात बेरिलियमचा क्षार घातला की त्या भराभर वाढू लागतात, हे दिसले. त्यातून रक्ततपासणी तयार झाली. धाप लागण्याच्या कितीतरी आधी, शरीर या धातूवर बिथरले आहे की नाही, हे त्या तपासणीतून कळू लागले. कोलोरॅडोत डेन्व्हरजवळच्या रॉकी फ्लॅट्स या अण्वस्त्रांच्या कारखान्यात 1980 च्या दशकात ती मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. लेथवर बेरिलियम कातणारे कामगार त्यात सापडले, पण ज्यांच्या हाताला धातू कधी लागलाच नाही असे लोकही सापडले.

मग प्रश्न उरला तो एवढाच की याच माणसाला का, शेजारच्याला का नाही?

उत्तराचा पहिला धागा 1993 मध्ये इटलीतल्या मोदेना इथे मिळाला. ल्युका रिचेल्डी, चेझारे साल्तिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांची एचएलए जनुके तपासली. एचएलए ही आपल्या पेशींच्या पृष्ठभागावरची प्रथिने. पेशीच्या आत काय चालले आहे याचे छोटे नमुने ती बाहेर धरून ठेवतात, आणि गस्तीवरच्या टी-पेशी ते नमुने चाचपून आपले कोण, परके कोण ते ठरवतात. ही प्रथिने माणसागणिक थोडी थोडी वेगळी असतात. मोदेनाच्या गटाला आढळले की 97 टक्के रुग्णांमध्ये एचएलए-डीपी प्रथिनाच्या साखळीत 69व्या जागी ग्लुटामिक आम्ल आहे. त्याच धुळीत काम करूनही निरोगी राहिलेल्यांमध्ये हे प्रमाण 30 टक्के होते. शेकडो अमिनो आम्लांच्या त्या प्रथिनात एका जागचा फरक, आणि त्यावर एवढे अवलंबून! योगायोग असा की कामगारांच्या आजारांवरचा पहिला मोठा ग्रंथ लिहिणारे आणि रुग्णाला त्याचा धंदा विचारा असे डॉक्टरांना बजावणारे बर्नार्दिनो रामाझ्झिनी याच मोदेनाचे. त्यांचा तो ग्रंथ 1700 मध्ये इथेच छापला गेला. हॅरिएट हार्डीचे निधन झाले ते साल 1993च.

पुढचे काम डेन्व्हरमध्ये झाले. अँड्र्यू फोंटेनो या वैद्यकीय संशोधकाने बेरिलियमच्या रुग्णांच्या फुफ्फुसातल्या टी-पेशींचा वर्षानुवर्षे माग काढला. जॉन कॅप्लर आणि फिलिपा मॅरॅक हे टी-पेशींच्या अभ्यासातले नावाजलेले दांपत्य त्यांच्या जोडीला होते. 2010 मध्ये या गटाने त्या एचएलए प्रथिनाची त्रिमितीय रचना उलगडली. 69व्या जागेजवळ एक आम्लधर्मी खोबण निघाली, तिच्यावर ऋण भार. बेरिलियमचा आयन धन भाराचा आणि अतिशय लहान, त्यामुळे तो तिथे बरोबर जाऊन बसतो. 2014 मध्ये त्यांनी आणखी पुढची गोष्ट दाखवली. टी-पेशीचा बेरिलियमला स्पर्शसुद्धा होत नाही. तो आत दडलेला असतो. त्याच्या असण्याने प्रथिनाच्या वरच्या पृष्ठभागाचा आकार आणि भार किंचित बदलतो, आणि शरीराचा स्वतःचाच नमुना टी-पेशीला परका वाटू लागतो. ती हल्ल्याचा इशारा देते. धातू फुफ्फुसातून सहजी जात नाही, म्हणून हल्लाही थांबत नाही. वर्षानुवर्षे गाठी साचतात आणि फुफ्फुस निबर होते. स्टिरॉइड देऊन वेग कमी करता येतो, आजार मुळापासून बरा करणारे औषध नाही.

हे संशोधन ज्या क्षणी कारखान्याच्या व्यवस्थापकाच्या टेबलावर पोचते, त्या क्षणी एक मोह तयार होतो. नोकरी देण्याआधीच जनुक तपासा, 69व्या जागी ग्लुटामिक आम्ल असेल त्याला घेऊ नका, प्रश्न मिटला! हा मोह शास्त्राच्या कसोटीवरही टिकत नाही. हा जनुकीय प्रकार इतका सर्रास आढळतो की निदान तीसेक टक्के माणसांना दारातूनच परत पाठवावे लागेल, आणि त्यांतल्या बहुतेकांना हा आजार कधीच झाला नसता. उलट ज्यांच्यात हा प्रकार नाही अशांपैकीही काही जण आजारी पडतात, कारण एचएलए-डीआर नावाच्या दुसऱ्या प्रथिनातही 71व्या जागी ग्लुटामिक आम्ल असले की तेही बेरिलियम धरून ठेवू शकते. म्हणजे निरपराधाची नोकरी जाणार आणि धोक्यातला माणूस आत राहणार. जन्माने मिळालेल्या प्रथिनाचा दोष कामगाराच्या माथी मारून हवा तशीच धुळकट ठेवणे हा अन्याय आहे, आणि तो विज्ञानाच्या नावाने होऊ देता कामा नये. अमेरिकेने 2008 मध्ये जनुकीय माहितीवरून नोकरीत भेदभाव करण्यास कायद्याने बंदी घातली, ते योग्यच झाले.

प्रथिनाच्या अभ्यासातून खरा निष्कर्ष निघतो तो हवेबद्दलचा. ज्याचे शरीर इतक्या कमी धातूने बिथरू शकते त्याच्यासाठी 2 मायक्रोग्रॅम ही मर्यादा सुरक्षित असूच शकत नाही. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने 1999 मध्ये आपल्या केंद्रांसाठी नियम कडक केले. 2000 मध्ये अण्वस्त्र उद्योगातल्या बाधित कामगारांना दीड लाख डॉलर आणि उपचारखर्च देणारा कायदा झाला. अखेर 2017 मध्ये सर्वसाधारण मर्यादा दहापटीने खाली आली: 0.2 मायक्रोग्रॅम. सुमारे 62 हजार कामगार तिच्या कक्षेत येतात.

बेरिलियमचे काम आजही जोरात आहे. जेम्स वेब दुर्बिणीच्या आरशाचे अठराही तुकडे याच धातूचे आहेत. तांब्यात दोनेक टक्के बेरिलियम मिसळले की होणाऱ्या मिश्रधातूच्या स्प्रिंगा विजेच्या जोडण्यांमध्ये असतात, आणि ठिणगी न पाडणारी हत्यारे तेलशुद्धीकरण कारखान्यांत वापरतात. तयार वस्तू हाताळण्यात भीती नाही. धोका कापण्यात, घासण्यात, वितळवण्यात आहे. दातांच्या कॅप घडवणाऱ्या छोट्या प्रयोगशाळांमध्ये काही मिश्रधातूंत बेरिलियम असते, आणि तिथले तंत्रज्ञ ते घासतात तेव्हा त्यांनाही हा आजार झाल्याची उदाहरणे आहेत. आपल्याकडे नवी मुंबईत वाशी इथे भाभा अणुसंशोधन केंद्राची बेरिलियमवर काम करणारी सुविधा आहे. अवकाश कार्यक्रमासाठी लागणारे भाग तिथे घडतात.

भारतात 1948 च्या कारखाने अधिनियमाला 1987 मध्ये हवेतल्या रसायनांच्या मर्यादांची अनुसूची जोडली गेली. तिच्यात बेरिलियमसमोर आकडा होता घनमीटरला 0.002 मिलिग्रॅम. म्हणजे 2 मायक्रोग्रॅम, तोच टॅक्सीतला आकडा. बेरिलियमची बाधा आपल्या कायद्यात कळवण्याजोगा आजार म्हणून नोंदलेली आहे. पण धाप, गाठी आणि वजन घटणे एवढे दिसले की आपल्याकडे आधी क्षयाची आणि मग सार्कॉइडोसिसची चिठ्ठी लिहिली जाते, हातातले काम कोणते हे विचारायचे राहून जाते. आता कामगार कायद्यांची नव्याने मांडणी झाली आहे, तर बेरिलियमची मर्यादा 0.2 मायक्रोग्रॅमवर आणावी. आणि ज्यांच्या घरात कुणाला सार्कॉइडोसिस सांगितला गेला आहे, त्यांनी पुढच्या वेळी डॉक्टरांना त्या व्यक्तीच्या कामाचा पूर्ण इतिहास, वीस-तीस वर्षांपूर्वी सोडलेल्या नोकरीसकट, आपणहून सांगावा.