मोजणीबाहेरची माणसं

१९८६ मध्ये तेव्हाच्या मद्रासमध्ये भारतातले पहिले एचआयव्हीबाधित रक्तनमुने सापडले, तेव्हा पोलिओ झालेल्या मुलामुलींची एक मोठी पिढी शाळेत जात होती. पायात कॅलिपर, काखेत कुबडी, नाहीतर कुणाच्या तरी सायकलच्या कॅरिअरवर. पल्स पोलिओची मोहीम देशभर सुरू व्हायला १९९५ उजाडलं आणि देशातला शेवटचा रुग्ण नोंदला गेला २०११ मध्ये. म्हणजे लस हुकलेली ही मुलं विशीत आली ती नेमकी नव्वदच्या दशकात, मुंबईपासून सांगलीपर्यंत एचआयव्ही पसरत असताना. त्यांच्या वयात येण्याचा आणि साथीच्या चढाचा काळ एकच होता. त्या वेळच्या कुठल्याही भित्तिपत्रकात मात्र कुबडी दिसत नाही.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नॅको, १९९२ मध्ये स्थापन झाली. तिचं काम जोखीम असलेल्या गटांभोवती उभं राहिलं: वेश्याव्यवसायातल्या स्त्रिया, पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष, सुईने नशा करणारे, पुढे तृतीयपंथी, ट्रकचालक, स्थलांतरित मजूर. ही आखणी चुकीची नव्हती. साथ जिथे वेगाने पसरत होती तिथे आधी पोचणं गरजेचं होतं. पण या गटांतही अपंग माणसं होतीच आणि त्यांची वेगळी गरज ओळखणारा रकाना नव्हता. त्याच १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने ३ डिसेंबर हा अपंग दिन म्हणून जाहीर केला. जागतिक एड्स दिन १ डिसेंबरचा. एकाचा कार्यक्रम आरोग्य खात्याचा, दुसऱ्याचा समाजकल्याणचा. दोन दिवसांचं अंतर ओलांडायला पुढे दोन दशकंही पुरली नाहीत.

अपंगांच्या चळवळीचंही प्राधान्य वेगळं होतं. कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था सुरू केली. तिथून जेमतेम पन्नास किलोमीटरवरच्या सांगलीत १९९२ पासून ‘संग्राम’ या संस्थेने वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांना सोबत घेऊन एचआयव्हीचं काम उभं केलं. दोन्ही कामांनी महाराष्ट्राला खूप शिकवलं. पण शिक्षण, नोकरी, रॅम्प आणि एसटीचा पास यांसाठीच जिथे वर्षानुवर्षं झगडावं लागतं, तिथे शरीरसुखाचा विषय काढणं चैनीचं वाटतं. १९९५ चा अपंगांचा कायदा सात प्रकारचं अपंगत्व मानत होता, सरकारी नोकऱ्यांत तीन टक्के जागा देत होता. लैंगिक आरोग्याबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं.

लैंगिकतेचा विषय निघाला तो वेगळ्याच वाटेने. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. कारण दिलं गेलं पाळीच्या स्वच्छतेचं. स्त्री संघटना रस्त्यावर उतरल्या आणि शस्त्रक्रिया थांबल्या. गर्भाशय गेलं की अत्याचारातून राहणारा गर्भ टळतो, म्हणजे अत्याचाराचा पुरावा टळतो. अत्याचार टळत नाही आणि त्यातून होणारा संसर्गही टळत नाही. त्या मुली बौद्धिक अपंगत्व असलेल्या होत्या, पण त्या शस्त्रक्रियांमागची समजूत सगळ्याच अपंगांना चिकटलेली होती: यांच्या शरीराचं काय करायचं ते इतरांनी ठरवायचं.

एड्सच्या जाहिरातीही त्यांच्यापर्यंत पोचत नव्हत्या. २००२ च्या अखेरीस मुंबईभर ‘बलबीर पाशा’ या एड्सविषयक मोहिमेची होर्डिंग्ज झळकली, २००८ मध्ये मोबाइलवर ‘कंडोम कंडोम’ची रिंगटोन वाजू लागली. दोन्ही मोहिमा चतुर होत्या, गाजल्याही. पण होर्डिंग बघायला रस्त्यावर यावं लागतं आणि चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरून व्हीलचेअर उतरत नाही. रिंगटोन बहिऱ्याला ऐकू येत नाही. बाकीच्या मुलांना निम्मी माहिती मित्रांच्या कट्ट्यावर मिळते. घरात बसून वाढलेल्या मुलाला तो कट्टाही नसतो. उरली शाळा, तर २००७ मध्ये महाराष्ट्र सरकारने शाळांतल्या लैंगिक शिक्षणावर बंदी घातली.

प्रश्नाला जागतिक पातळीवर तोंड फुटलं ते २००४ मध्ये. येल विद्यापीठातल्या नोरा ग्रोस यांनी जागतिक बँकेसोबत एचआयव्ही आणि अपंगत्व यांची पाहणी केली. निष्कर्ष साधा होता: अपंगांना संसर्गाचा धोका इतरांइतकाच, काही बाबतींत जास्तच आहे, आणि त्याकडे जवळजवळ कुणाचंच लक्ष नाही. त्याच वर्षी त्यांनी एका भयानक गैरसमजुतीवर लिहिलं. कुमारिकेशी संबंध ठेवला की एड्स बरा होतो, ही समजूत अनेक देशांत आढळते. अपंग स्त्रीला कुणी हात लावला नसणार असं धरून चालणाऱ्यांनी तिलाच लक्ष्य केलं. ‘यांना कुठलं आलंय शरीरसुख’ हे वाक्य आपल्याकडे कणवेपोटी उच्चारलं जातं. ते किती घातक ठरू शकतं हे इथे कळतं.

दक्षिण आफ्रिकेने त्यापुढचं पाऊल टाकलं. २००८ च्या राष्ट्रीय एचआयव्ही पाहणीत अपंगत्वाची नोंद घेतली आणि आकडा समोर आला: अपंगांमध्ये १४.१ टक्के, म्हणजे सातांत एकाला संसर्ग. त्याच वर्षी कंपालामध्ये आफ्रिकी संघटनांनी अपंगत्व आणि एचआयव्हीवर जाहीरनामा काढला. युएनएड्सच्या २०१४ च्या अहवालात मागे राहिलेल्या बारा समूहांमध्ये अपंगांना स्थान मिळालं. २००६ चा संयुक्त राष्ट्रसंघाचा अपंग हक्क करार लैंगिक आणि प्रजनन आरोग्यसेवा स्पष्ट शब्दांत मागतो. भारताने तो १ ऑक्टोबर २००७ ला मान्य केला, आपल्या शाळांतल्या लैंगिक शिक्षणावरच्या बंदीच्याच वर्षी.

दरम्यान अपंगत्व आणि एचआयव्ही यांचं नातं उलट दिशेनेही उलगडत होतं. १ एप्रिल २००४ पासून एचआयव्हीला आवर घालणारी एआरटीची औषधं सरकारी केंद्रांत मोफत मिळू लागली आणि माणसं जगू लागली. सुरुवातीच्या औषधांत स्टॅव्ह्युडिन होतं. त्याने अनेकांच्या पायांच्या नसा बिघडल्या, तळवे बधिर झाले, चालणं अवघड झालं. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये ते टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितलं. मणक्याच्या क्षयाने कुणाचे पाय गेले, डोळ्यांच्या संसर्गाने कुणाची नजर गेली. एचआयव्हीबाधित आणि अपंग अशा दोन वेगळ्या रांगा कधी नव्हत्याच. एआरटी केंद्राच्या रांगेत काही माणसं दोन्ही होती.

खरी अडचण मात्र धोरणापेक्षा खोलीत, टेबलावर, पाकिटात आहे. मणक्याला दुखापत झालेल्या पुरुषाला कंडोम ओळखीचा असतो तो लघवीच्या पिशवीला जोडलेला. तो कसा चढवायचा हे पुनर्वसन केंद्रात नीट शिकवतात. त्याच वस्तूचा दुसरा उपयोग अनेकदा कुणी सांगत नाही. कमरेखाली संवेदना नसेल तर कंडोम निसटलेला कळत नाही, फाटलेला कळत नाही, जननेंद्रियावर फोड आला तर तो दुखत नाही. लघवीचा त्रास नळीमुळे आहे की लैंगिक संसर्गामुळे, हा गोंधळ डॉक्टरांचाही होतो. बोटांत ताकद नसेल तर पाकीट फोडणार कोण? जोडीदाराने साथ दिली तरच सुरक्षितता, आणि नकार द्यायची ताकद तर आधीच कमी. स्पायना बिफिडा घेऊन जन्मलेल्या अनेकांना लॅटेक्सची ॲलर्जी असते. त्यांना पॉलियुरेथेनचा कंडोम लागतो, तो सरकारी डब्यात नसतो. तांबी बसवलेल्या स्त्रीला पोटात संवेदना नसेल तर ती सरकल्याचं दुखून कळत नाही. आणि हे सगळं तपासायचं कसं, तर कंबरेइतक्या उंच टेबलावर चढून.

त्याहून अवघड प्रश्न दाराशी असतो. एचआयव्हीची तपासणी करणाऱ्या आयसीटीसी केंद्रात अपंग माणूस एकटा क्वचितच येतो. भाऊ, आई, नवरा, रिक्षावाला, कुणीतरी सोबत असतंच. समुपदेशक बऱ्याचदा त्यांच्याशीच बोलतो. २०१७ चा एचआयव्ही कायदा संमती आणि गोपनीयता मागतो, पण ज्याच्या आधाराशिवाय खुर्चीत बसता येत नाही त्याला बाहेर कसं पाठवायचं, याची सवय अजून कुणाला नाही.

कायद्याचं चित्र २०१० च्या दशकात बदललं हे खरं. ‘तारशी’ या संस्थेने २०१० मध्ये भारतातल्या लैंगिकता आणि अपंगत्वावर सविस्तर मांडणी केली. २०१४ च्या ‘मार्गारिटा विथ अ स्ट्रॉ’ने सेरेब्रल पाल्सी असलेल्या तरुणीच्या इच्छा पडद्यावर आणल्या. त्याच वर्षी अपंग आणि सुदृढ जोडप्याच्या लग्नाला महाराष्ट्र सरकारने पन्नास हजारांचं अर्थसाहाय्य सुरू केलं. लग्न मान्य झालं, त्यातल्या आरोग्याची माहिती मात्र त्या योजनेसोबत आली नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकार मानले. त्याच्या दहाव्या कलमाने प्रजननाबद्दलची माहिती हा हक्क ठरवला आणि संमतीशिवाय वंध्यत्व लादणं निषिद्ध केलं. पंचविसाव्या कलमात लैंगिक आरोग्यसेवेचा उल्लेख आहे. शिरूरपासून इथपर्यंत बावीस वर्षं लागली.

आता महाराष्ट्रात २०२२ पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आहे. २०११ च्या जनगणनेत राज्यात सुमारे २९.६ लाख अपंग मोजले गेले. देशात सर्वाधिक एचआयव्हीबाधितही, २०२१ च्या अंदाजानुसार, याच राज्यात आहेत. या दोन आकड्यांचा एकमेकांशी संबंध किती, हे दक्षिण आफ्रिकेने जसं एका प्रश्नाने शोधलं तसं आपल्यालाही शोधता येईल. तपासणीच्या फॉर्मवर अपंगत्वाचा एक रकाना, तळमजल्यावर एक खोली, खाली-वर होणारं एक टेबल आणि सोबत आलेल्याला बाहेर बसवून थेट रुग्णाशी बोलणारा समुपदेशक. यातल्या कशालाही नवा कायदा लागत नाही. कायदा झालेला आहे. अपंग माणसाला शरीर आहे आणि त्या शरीराला इच्छा आहे, एवढं दोन्ही खात्यांनी एकाच बैठकीत मान्य केलं तरी पुरे.