खडक विरघळविणारी दोन आम्ले

सुरतेजवळ तापीच्या मुखाशी हजिरा येथे कृभकोचा जो प्रचंड कारखाना 1986 पासून नैसर्गिक वायू आणि हवेतील नायट्रोजन यांच्यापासून अमोनिया व पुढे युरिया सिद्ध करीत आला आहे, त्याच्या ख्यातीमुळे खत म्हणजे युरिया अशी समजूत या मुलखात रूढ झाली असली, तरी युरियात स्फुरदाचा लवलेशही नसतो. नत्र हवेतून मिळविता येते. स्फुरद मात्र खडकातूनच काढावा लागतो.

हा खडक म्हणजे मुख्यत्वे ॲपेटाइट. त्यात कॅल्शियम, फॉस्फेट व फ्लोरिन यांची जखडण इतकी घट्ट असते की, त्याची भुकटी दक्षिण गुजरात किंवा खानदेशच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत टाकली तर ती जवळजवळ निरुपयोगीच पडून राहते. सबब आम्लाची तजवीज करावी लागते. 1842 साली इंग्लंडात लॉज यांनी सुपरफॉस्फेटचे पेटंट घेतले, त्यात गंधकाम्ल वापरले होते. हे आम्ल कॅल्शियमला ओढून घेऊन जिप्सम बनते आणि उरलेले फॉस्फेट पाण्यात विरघळण्याजोगे होते. परंतु याच वाटेने निव्वळ फॉस्फोरिक आम्ल काढावयाचे, तर त्यातील एक टन फॉस्फरस पेंटॉक्साइडमागे सुमारे पाच टन जिप्सम बाजूस साचते. आणि गंधक तर आपल्या भूमीत खनिजरूपाने जवळजवळ नाहीच.

मला अधिक समर्पक वाटते ती दुसरी, नत्राम्लाची वाट, 1920 च्या दशकाच्या अखेरीस नॉर्वेतील ओड्डा येथे एर्लिंग जॉन्सन यांनी शोधलेली. नर्मदाकाठी भरूच येथे गुजरात नर्मदा व्हॅली फर्टिलायझर्सचे नायट्रोफॉस्फेट नत्राम्लाच्या मार्गानेच तयार होते. ओड्डाच्या कृतीत नत्राम्लात विरघळलेला खडक पाच अंशांच्या आसपास थंड केला की, कॅल्शियम नायट्रेटचे पांढरे स्फटिक द्रवातून खाली बसतात. ते गाळून उरलेल्या द्रवात अमोनिया सोडल्यावर नत्र व स्फुरद दोन्ही एकाच दाण्यात येतात. स्फटिकांवर अमोनियम कार्बोनेटची प्रक्रिया केली असता खडू वेगळा होतो आणि अमोनियम नायट्रेट हाती येते. येथे आम्ल निव्वळ हत्यार म्हणून खर्ची पडत नाही, स्वतःच खत होते. या कृतीचे मर्म मी यातच मानतो.

नायट्रोफॉस्फेटच्या गोणीवरील 20:20:0 या आकड्यांतील दुसरा वीस हा फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या हिशेबाने नमूद केलेला असतो. प्रत्यक्ष फॉस्फरस शेकडा पावणेनऊच्या आतच भरतो. तोही मातीत फारसा सरकत नाही; म्हणून शेतकरी बंधूंनी हे खत वर न फेकता पेरणीच्या वेळीच बियाण्याच्या बाजूला, थोडे खाली पेरून द्यावे.