तीन देश, एक व्हिसा: अर्ज नेमका कुठे करायचा?

ऑस्ट्रियातली तळी, स्लोव्हेनियाचे डोंगर आणि क्रोएशियाचा समुद्र. 1 जानेवारी 2023 ला क्रोएशिया शेंगेनमध्ये आला आणि ही सहल एकाच व्हिसात बसू लागली.

अर्ज कोणत्या देशाकडे? जिथे सर्वाधिक दिवस मुक्काम, त्याच्याकडे. दिवस सारखेच असतील, तर जिथून आधी प्रवेश करणार, त्याच्याकडे. लवकर अपॉइंटमेंट मिळते म्हणून भलत्याच देशाकडे अर्ज टाकला, तर तो नाकारला जाऊ शकतो. त्यामुळे आधी मुक्काम मोजा, मग हॉटेलं बुक करा. सहा वर्षांखालच्या मुलांना व्हिसा फी नाही. किमान 30,000 युरोचा प्रवास विमा मात्र तान्ह्या बाळालाही लागतो.

खरी गोम आहे ती दुब्रोव्हनिकच्या वाटेवर. उत्तरेकडून गाडीने येताना, शहराच्या अलीकडे बोस्नियाची चिंचोळी पट्टी समुद्राला भिडते आणि बोस्निया शेंगेनमध्ये नाही. सिंगल एंट्री व्हिसावर तिकडे गेलात, तर क्रोएशियात परत येता येत नाही. 2022 मध्ये सुरू झालेला पेल्येशाट्स पूल ही पट्टी टाळतो; मॅपवर तोच रस्ता निवडा. मोस्टारचा प्रसिद्ध जुना पूल बोस्नियातच आहे. तो पाहायचा असेल, तर अर्जातच मल्टिपल एंट्री मागा आणि भाड्याची गाडी सीमेपलीकडे चालते का, हे कंपनीला आधीच विचारून घ्या.