शर्यतीची गाडी, दारातली गाडी

पुसेगावच्या आमच्या गटात परवा एका ताईनं कर्ज मागितलं. पोराला मोटरसायकलचा सायलेन्सर बदलून गाडी 'रेसिंगची' करायची होती.

आम्ही सगळ्या बसून बोललो. पुण्याच्या डायना पुंडोले दोन लेकरांची आई. २०२४ मध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर त्यांनी कार शर्यतीचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, तेही पहिल्या भारतीय महिला म्हणून. पण शर्यतीच्या गाडीत लोखंडी पाइपांचा पिंजरा असतो, चालकाच्या अंगावर आगीपासून वाचवणारे कपडे असतात. शर्यतीआधी ब्रेक, टायर, ऑइल तपासतात. अन् ट्रॅकवर समोरून ट्रॅक्टर येत नाही, शेळ्याही आडव्या जात नाहीत.

आपल्या रस्त्यावरच्या गाडीत मात्र नियमाबाहेर बदल केला, तर मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

म्हणून आम्ही सायलेन्सरला कर्ज दिलं नाही. ब्रेक, मागचा टायर आणि हेल्मेटला दिलं. पोरगं दोन दिवस रुसलं, मग स्वतःच टायर बदलून आलं.

तुम्हीही आज दारातल्या गाडीच्या टायरवर हात फिरवा. नक्षी गुळगुळीत लागली, तर आधी टायर बदला.